प्रगतिपुस्तकातील उंचीचा रकाना

शाळेच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या जोडीला उंची आणि वजनाचा एक रकाना असतो. पालक गुण पाहून सही करतात. या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो भरण्याचे काम वर्गशिक्षकाच्या इतर पन्नास कामांत जमा असल्याने कधी पट्टीने, तर कधी नजरेच्या अंदाजानेही उरकले जाते. वाढ खुंटलेल्या मुलाचे निदान मात्र याच दुर्लक्षित आकड्यांपासून सुरू होऊ शकते.

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. ही वाढ ४ सेंटिमीटरच्याही खाली राहिली, तर ‘आमच्या घराण्यातच उंची नाही’ एवढ्यावर विषय मिटवणे योग्य नव्हे. कारण पुष्कळदा साधेच निघते: अपुरा आहार, रक्तक्षय, जुनाट आजार. थायरॉइडची उणीव असेल तर स्वस्तातल्या गोळीने काम भागते. पण काही थोड्या मुलांत मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक पुरेसे निर्माण करीत नाही. त्यांना ते संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हॉर्मोन, इंजेक्शनाने बाहेरून द्यावे लागते.

अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी या उपचाराचे यश १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा हे औषध मृत व्यक्तींच्या ग्रंथींतून काढीत असत. त्यामुळे ते दुर्मिळ होते आणि पुढे धोक्याचेही ठरले. असे औषध घेतलेल्या काही तरुणांचा मेंदूच्या असाध्य विकाराने मृत्यू झाल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले व तो पुरवठा थांबला. त्याच वर्षी जनुकतंत्राने जिवाणूंकरवी तयार केलेल्या संप्रेरकाला तेथे मान्यता मिळाली. तुटवडा संपला, प्रश्न उरला तो पैशाचा.

हे इंजेक्शन सामान्यतः रोज रात्री, वर्षानुवर्षे, घरच्यांनीच टोचायचे असते. वजनाबरोबर मात्रा वाढते आणि मात्रेबरोबर खर्च. वर्षाचा हिशोब लाख-दोन लाखांच्या घरात सहज जातो. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. सोलापूरच्या मे महिन्यात, विड्या वळून किंवा यंत्रमागावर राबून चालणाऱ्या घरात हे कसे जमावे? हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या एकदा जुळून आल्या, की हेच महागडे औषध उंचीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. पैसे जमवून पुढे पाहू, असे म्हणण्याची सोय येथे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने वर्षातून एकदा शाळेत यावे अशी योजना आहे. मात्र कार्यक्रमाच्या मूळ तीस विकारांच्या यादीत या उणिवेचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुण्याच्या खाडिलकर दांपत्याच्या पुढाकाराने तयार झालेले भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते २०१५ पासून उपलब्ध आहेत. शाळेत नीट मोजलेले दोन वर्षांचे दोन आकडे त्यांवर मांडले, तर कोणाला तपासणीस पाठवावे हे पथकाला तिथल्या तिथे ठरवता येईल. पुढे मनगटाचा एक्स-रे आणि रक्ताच्या चाचण्या लागतात. त्यांची सोय सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात व्हावी आणि निदान पक्के झालेल्या गरीब मुलाचे औषध शासनाने उचलावे, ही मागणी अवाजवी नाही. अशी मुले थोडी आहेत. तिजोरी त्याने रिती होणार नाही. केवळ मुलगा सहा फुटी व्हावा या हौसेपोटी इंजेक्शन मागणाऱ्यांचा भार मात्र शासनाने मुळीच घेऊ नये.

मुलींच्या बाबतीत अधिक जागरूकता हवी. या उपचारासाठी मुलगे जास्त आणले जातात, असा जगभरचा अनुभव आहे. टर्नर विकारात मुलीच्या पेशींतील एक एक्स गुणसूत्र पूर्णतः किंवा अंशतः नसते. तिची उंची खुंटते आणि तिलाही या इंजेक्शनाचा उपयोग होतो. पण अशा मुलीला डॉक्टरकडे नेतात ते पुष्कळदा पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पाळी आली नाही म्हणून. तिची उंची तिसरी-चौथीपासूनच मागे पडत होती, हे तोवर प्रगतिपुस्तकात लिहिलेले असते. निदान असायला हवे.