शेवटच्या शॉटमधली नजर

खरं सांगा, समोरच्याचा चेहरा बघून तुम्ही किती पटकन मत बनवता? इंटरव्ह्यूला आलेला कँडिडेट, नवा फ्लॅटमेट, पार्किंगमध्ये रेंगाळणारा अनोळखी माणूस... दोन सेकंदांत आपला निकाल तयार! 'मला माणसं बरोबर कळतात' असं म्हणणारा एक तरी नग प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला या वीकेंडला घरी बोलवा, दिवे घालवा आणि 'मेमरीज ऑफ मर्डर' लावा.

'पॅरासाइट'ला २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाले आणि दिग्दर्शक बाँग जून-हो हे नाव आपल्याकडेही सगळ्यांच्या तोंडी झालं. पण माझं मत विचाराल तर त्याचा बाप सिनेमा म्हणजे २००३ चा हा! आता आधीच सांगते, शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना चालणार नसेल त्यांनी आधी सिनेमा बघावा, मग पान उघडावं.

गोष्ट खरी आहे. दक्षिण कोरियात सोलच्या दक्षिणेला ह्वासाँग नावाचा भाग आहे. १९८६ ते १९९१ या काळात तिथे शाळकरी मुलीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत दहा जणींचे खून झाले. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. म्हणजे थ्रिलर आहे, पण उत्तर नाही. डोक्याला ताप की नाही?

सिनेमातला डिटेक्टिव्ह पार्क (साँग कांग-हो, 'पॅरासाइट'मधले वडील) म्हणजे आपला तो 'माणसं कळणारा' मित्रच. नुसतं डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो म्हणे! त्याचा साहेब एकदा त्याला समोर बसलेले दोन तरुण दाखवतो. एक बलात्काराचा आरोपी, दुसरा त्याला पकडून आणणारा मुलीचा भाऊ. ओळख बघू कोण कोणता? पार्क टक लावून बघतो. आपणही बघतो. आणि... कट. बाँग उत्तर देतच नाही! अख्खा सिनेमा या एका सीनमध्ये आहे.

बाँगची गंमत अशी, की तो सांगत नाही, दाखवतो. शेतात प्रेत सापडतं तो सीन बघा. एकही कट न घेता कॅमेरा पार्कच्या मागे फिरतो. पोरं हुंदडतायत, साहेब बांधावरून घसरून पडतायत, पार्क जिवाच्या आकांताने एक पावलाचा ठसा वाचवायला बघतोय, आणि त्यावरून आरामात ट्रॅक्टर जातो. आपण फिसकन हसतो. मग लक्षात येतं, अरे, एकमेव पुरावा होता तो! तिथे पोलिसांच्या नालायकीवर कुणी भाषण देत नाही. गरजच काय?

दुसरा सीन ब्लॅकआउटचा. लष्करी राजवटीचा काळ. सायरन वाजतो, गावातली शटर्स धडाधड खाली येतात, घरांतले दिवे मालवले जातात. आणि त्याच अंधारात एक मुलगी एकटी सापडते. इकडे पोलिस कुमक मागतात, तर शिपाई आंदोलकांना आवरायला गेलेले. सरकारला स्वतःची सुरक्षा महत्त्वाची, त्या मुलीची नाही. हे वाक्य कुणीच बोलत नाही, फक्त एकेक दिवा विझत जातो.

रंगही बघा. सुरुवात पिवळ्याधमक भातशेतात, लख्ख उन्हात. मग पाऊस, चिखल, राखाडी आभाळ. शेवटी बोगद्यापाशी, धो धो पावसात पार्क संशयिताचा चेहरा हातात धरतो, डोळ्यांत बघतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कबूल करतो की त्याला काहीच कळत नाहीये. मग त्या पोराला विचारतो, जेवतोस ना नीट? अंगावर काटा येतो.

आणि तो शेवटचा शॉट. साल २००३. पार्क आता सेल्समन आहे. त्याच पिवळ्या शेतापाशी थांबतो, प्रेत सापडलं होतं त्या मोरीत डोकावतो. एक छोटी मुलगी सांगते, मागे एक काका असेच डोकावत होते; खूप पूर्वी इथे काहीतरी केलं होतं, ते आठवलं म्हणाले. कसा दिसत होता? साधाच. चारचौघांसारखा. पार्क वळतो आणि थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी थिएटरात बसलेला असेल तर त्याची नजर पार्कच्या नजरेला भिडावी, अशी बाँगची इच्छा होती.

२०१९ मध्ये डीएनएवरून खुनी सापडला. ली चुन-जे. सिनेमा आला तेव्हा तो दुसऱ्या एका खुनासाठी जन्मठेप भोगत होता. २०२० मध्ये कोर्टात त्याने सांगितलं, सिनेमा तुरुंगात बघितला होता, विशेष काही वाटलं नाही. म्हणजे ती नजर पोचली... आणि रिकामीच परतली.

पण याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. या दहांपैकी आठव्या खुनासाठी पोलिसांनी एका अपंग तरुणाकडून मारहाण करून कबुली घेतली होती. तो जवळजवळ वीस वर्षं आत होता. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. सिनेमातही पोलिस एका मतिमंद पोराकडून अशीच कबुली वदवून घेतात. तेव्हा आपण ते दृश्य अर्धवट हसत बघितलेलं असतं.

आता माझी कबुली. पहिल्यांदा हा सिनेमा बघितला तेव्हा मीही छातीठोकपणे म्हणाले होते, तो मऊ हातांचा, थंड चेहऱ्याचाच खुनी! डीएनए जुळत नाही असा रिपोर्ट पडद्यावर आला, तरी मी मित्रांशी रात्री दोनपर्यंत भांडले. पुरावा? त्याचा चेहरा. बास.

गेल्या महिन्यात पुन्हा बघितला. शेवटी पार्क वळला तेव्हा मला वाटलं, खुन्याचं जाऊ दे, हा माझ्याकडे बघतोय. सोमवारी ऑफिसात दोन इंटरव्ह्यू होते. पहिला मुलगा आत आला, बसला, मी त्याचा चेहरा बघितला... आणि मान खाली घालून आधी त्याचा बायोडेटा वाचायला घेतला.