खोटा काटा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक लेक बाळंतपणासाठी माहेरी जळकोटला आली होती. रात्री दीडच्या सुमारास कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितले. माझ्या धाकट्या भावाने नुकतीच एक जुनी डिझेल जीप घेतली होती. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. त्या भरवशावर आम्ही निघालो. नळदुर्ग मागे पडले आणि भर हमरस्त्यावर जीप आचके देत थांबली. काटा अजूनही अर्ध्यावरच!

एका भल्या ट्रकवाल्याने कॅनमधले पाच लिटर डिझेल दिले. वाटले, सुटलो. पण डिझेल पुरते संपले की लाईनमध्ये हवा धरते. मग नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून हवा काढावी लागते. मोबाईलच्या उजेडात त्यात पाऊण तास गेला. मागच्या बाकावर ती पोर कण्हत होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

चूक आमचीच होती. गाडी घेताना काटा हलत नाही हे दिसले होते. विकणारा म्हणाला, "काट्याचं काय घेऊन बसलाव, इंजिन बघा की!" आम्ही इंजिन बघितले आणि पतपेढीचे कर्ज काढून जीप घेतली. काटा पुरता बंद असता, तर निघण्याआधी आम्ही टाकीत काठी घालून पाहिली असती. बंद काटा माणसाला सावध ठेवतो, खोटा काटा गाफील ठेवतो.

पुढच्या रविवारी दुरुस्तीला बसलो. मिस्त्री आधीच म्हणाले होते, "मीटरच बदलून टाका." पण मी कारकून माणूस. खर्च मंजूर करण्याआधी बिघाड कुठे आहे हे बघायची सवय. रचना साधी असते. टाकीत दांडीला लावलेला फ्लोट डिझेलवर तरंगतो. पातळीप्रमाणे दांडी वरखाली होते, तसा वायरमधला करंट कमी-जास्त होतो आणि मीटरचा काटा हलतो. म्हणजे तपासायच्या जागा चारच : अर्थ, वायर, टाकीतले युनिट आणि मीटर. फुकटातल्या जागा आधी तपासाव्या, खर्चाची शेवटी.

अर्थच्या जोडावर गंज होता. तो पॉलिश पेपरने घासला. फरक पडला नाही. मग चावी ऑन करून टाकीवरची वायर काढली. बारावीला असलेली पुतणी मीटरपुढे बसली होती. ती ओरडली, "काका, काटा खाली गेला!" वायर क्षणभर बॉडीला टेकवली. "काका, वर चालला!" लगेच वायर बाजूला घेतली. काही गाड्यांत हे उलटे होते. पण काटा दोन्हीकडे हलला, म्हणजे मीटर आणि वायर चांगली. दोष टाकीत. मीटरचा खर्च वाचला.

बॅटरीची वायर सोडवून, उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून युनिट बाहेर काढले. दांडी गंजाने अर्ध्यावरच अडकली होती. युनिट झिजलेलेही होते, म्हणून नवे बसवले, पॅकिंगही नवे घातले. फ्लोटला भोक पडून आत डिझेल शिरले असेल, तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. असा फ्लोट डाग देऊन वापरू नये, बदलावा. आणि पेट्रोलच्या गाडीत यातले काहीही घरी करू नये. टाकीजवळची एक ठिणगी जीव घेऊ शकते. ते काम मिस्त्रीकडेच द्यावे. इंधनाबरोबर इंजिनच्या उष्णतेचा काटाही चुकत असेल, तर आधी दोघांची सामाईक वीज तपासायला सांगावी. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकाच स्टॅबिलायझरमधून वीज जाते.

नवे युनिट बसवल्यावर रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर डिझेल ओतले आणि काटा कुठे येतो ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले. शिवाय जीपमध्ये एक वही ठेवली. टाकी पूर्ण भरली की किलोमीटर लिहायचे. पुन्हा पूर्ण भरताना लागलेले लिटर लिहायचे. मधे ३६० किलोमीटर झाले आणि ३० लिटर लागले, तर लिटरला १२ पडले. मग काटा काहीही म्हणो, शेवटच्या भरतीनंतर २०० किलोमीटर झाले की सुमारे १७ लिटर गेले, हे वही सांगते.

ही वही आता पुतणी लिहिते. भावाला आधी कटकट वाटायची. आता रात्री कुणी दार वाजवले, तर तो चावी घेण्याआधी वही बघतो.

जुनी गाडी घेणाऱ्या बांधवांना एवढेच सांगणे : सौदा ठरवण्याआधी पंपावर दहा लिटर घाला आणि काटा हलतो का बघा. डिझेल तर तुम्हाला लागणारच आहे.