बिनशर्त विलीनीकरणाची थकबाकी

धर्माबाद तालुक्यातील चाळीसएक गावांच्या सरपंचांनी २०१८ साली ‘आम्हांला तेलंगणात जाऊ द्या’ अशी मागणी केली, तेव्हा मुंबई-पुण्याकडच्या पुष्कळ सुजाण मंडळींना तो चेष्टेचा विषय वाटला. मराठी माणूस महाराष्ट्र सोडून जाऊ म्हणतो, म्हणजे त्याला कोणीतरी फितवलेले असणार, असा एकूण सूर होता. पुढच्याच वर्षी नायगाव, भोकर, देगलूर, किनवट या भागांतील माणसे हैदराबादेस जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटली. २६ मार्च २०२३ रोजी त्याच नेत्यांची सभा आमच्या कंधार-लोहा परिसरात झाली. त्या पक्षाचे पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द तेलंगणातच त्यांची सत्ता गेली आणि इकडची लाट ओसरली. परंतु लाट ओसरली म्हणून ती ज्या कारणाने उसळली ते कारण नाहीसे झाले, असे समजणाऱ्यांची कीव करावीशी वाटते.

ते कारण भाषेत नाही आणि भावनेतही नाही. भाषेच्या आणि भावनेच्या बाबतीत मराठवाड्याने जे दिले ते इतर कोणत्याही विभागाने दिले नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली निजामाच्या राजवटीशी झुंज देऊन १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे झाले. या सामिलीकरणाला आपल्याकडे मोठ्या अभिमानाने ‘बिनशर्त’ म्हणतात. व्यासपीठावरून हा शब्द उच्चारला की टाळ्या पडतात. मला मात्र या शब्दाचा फार राग आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या आहेत. विकासखर्च, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरवले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शर्ती होत्या. त्या पाळायच्या नव्हत्या, म्हणून ‘बिनशर्त’ या शब्दाचे कौतुक झाले. देणेकऱ्याने सावकाराला ‘काय तुमचे औदार्य’ म्हणून हार घालावा आणि मुद्दल बुडवावे, त्यातला हा प्रकार आहे.

मुद्दल किती बुडाले याचा हिशेब कोणा आंदोलकाने नव्हे, तर सरकारनेच नेमलेल्या समितीने केला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात ठरवला. त्यांपैकी सुमारे ७५० कोटी, म्हणजे साडेतेवीस टक्के, एकट्या मराठवाड्याचा होता. १९८१ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येतील आमचा वाटा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे वर्गात मांडताना एक गोष्ट मी नेहमी सांगत असे. अनुशेष हा शिल्लक राहिलेल्या खर्चाचा आकडा असतो. त्या खर्चाअभावी जी पिढी शाळेविना, विजेविना, पाटाच्या पाण्याविना वाढली, तिचे नुकसान कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

घटनेच्या ३७१(२) व्या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ सालीच झाली होती. विधिमंडळाने तसा ठराव केला १९८४ साली आणि मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. अडतीस वर्षे! बरे, आली ती राज्यपालांनी नेमलेल्या सदस्यांची. लोकांनी निवडलेली नव्हेत. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा मराठवाड्यातल्या सामान्य माणसाला त्याची खबरही लागली नाही. जी संस्था मेल्याचे कोणाला कळत नाही, ती जिवंत असताना किती चालत-बोलत होती हे निराळे सांगायला नको. दरम्यान मराठवाड्यात मंत्रिमंडळाच्या बैठका भरतात, हजारो कोटींच्या घोषणा होतात. पैसा ओतला, निदान तो ओतण्याची भाषा केली, की नाराजी विरते, असा सत्ताधाऱ्यांचा समज दिसतो.

हा समज जगात इतरत्रही खोटा ठरला आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने सुमारे ५२ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. वेल्स आणि कॉर्नवॉल हे युरोपीय निधीचा मोठा वाटा मिळवणारे भाग. तरीही तिथल्या बहुसंख्यांनी ‘बाहेर’ म्हटले. त्यात परकीयांविषयीचे विष कालवले गेले होते, हे खरेच. परंतु ते विष भिनायला जमीन का मिळाली? गिरण्या आणि खाणी गेल्यावर आपल्या जगण्याचे निर्णय दूर कुठेतरी, आपल्याला न विचारता होतात, ही जाणीव तिथे आधीच मुरलेली होती. पुलावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागली म्हणून ती जाणीव जात नाही.

आमच्याकडे ही पाटी गोदावरीच्या काठी वाचावी. वर नाशिक-नगरची धरणे भरतात आणि जायकवाडीच्या वाट्याचे पाणी मिळवायला मराठवाड्याला न्यायालयात जावे लागते. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. त्याच्या अंमलासाठी २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल लागला. खाली धर्माबादेजवळ बाभळीचा बंधारा बांधून उभा आहे. परंतु २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, म्हणजे पावसाळ्याचे पाणी समोरून पोचमपाडला वाहून जाते. वर आपलेच राज्य अडवते, खाली शेजारचे अडवू देत नाही. आणि ज्या राज्याच्या हरकतीमुळे हे दरवाजे उघडे राहतात त्याच राज्यात जाण्याची मागणी बाभळीच्या तालुक्याने केली! यावरून स्वतःच्या राज्याविषयीची निराशा कोणत्या थराला गेली होती ते ओळखावे.

आता एक कडू गोष्ट. ‘पश्चिम महाराष्ट्राने लुबाडले’ एवढेच सांगून आपले पुढारी मोकळे होतात, ते आपण होऊ देता कामा नये. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या विभागाने दिले. दोन नांदेडचे, दोन लातूरचे. तरीही आज नांदेडहून लातूरला थेट रेल्वे नाही. पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालावा लागतो आणि मधल्या कंधारने रेल्वेचा रूळ पाहिलेला नाही. नांदेडचा रेल्वे विभाग अजून सिकंदराबादच्या हाताखाली आहे. निजामाचे राज्य गेले, टपाल मात्र तिकडेच जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने वर्षानुवर्षे वाढत होते. तो ऊस साताऱ्याच्या कोणी लावला नव्हता. कंधार-मुखेडच्या तांड्यांवरून दरसाल दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला कारखानदार कोणत्या विभागाचा आहे याने काय फरक पडतो? विभागावरील अन्याय आणि विभागातील अन्याय ही एकाच भांडवलाची दोन कामे आहेत. पहिल्याचा गजर करून दुसरा झाकणे हे आपल्याकडच्या प्रस्थापितांचे जुने कसब आहे.

तेलंगणाच्या मोहाकडेही याच नजरेने पाहावे. ‘रयतू बंधू’त एकरी रक्कम मिळे, शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळे, हे सरहद्दीपलीकडच्या नातेवाइकाकडे जाऊन आलेल्या शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत होते, ते थोतांड नव्हते. पण ती रक्कम सातबाऱ्यासारख्या पट्ट्यावर ज्याचे नाव त्याला. कुळाला, बटाईदाराला, भूमिहीनाला नाही. तेलंगणाचा इतिहासही विसरू नये. आंध्रात जाताना १९५६ साली त्यांनाही सभ्य गृहस्थांचा करार मिळाला होता. तो मोडला गेला आणि २ जून २०१४ रोजी त्यांनी वेगळे राज्य घेतले. करार मोडला की माणसे घर मोडायला निघतात.

म्हणून सरपंचांना देशद्रोही ठरवणारे आणि स्वतंत्र मराठवाड्याची हाळी देऊन पुढच्या निवडणुकीची बेगमी करणारे, या दोघांपासूनही कार्यकर्त्यांनी अंतर राखावे. मागणी नेमकी करावी. विकास मंडळ पुन्हा हवे, पण थेट निवडलेले आणि त्यात भूमिहीनांना व ऊसतोड कामगारांना जागा असलेले. विभागाच्या वाट्याचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा हवा. समन्यायी पाणीवाटप दर दुष्काळात याचिका केल्याशिवाय व्हावे. आणि नागपूर करारातला तो वार्षिक अहवाल: या अधिवेशनात मराठवाड्याच्या प्रत्येक आमदाराला त्याच्या मतदारसंघातील कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे, की तो अहवाल सभागृहात शेवटचा केव्हा मांडला गेला आणि त्यावर आपण किती वेळ बोललात.