सेवा ही एकट्या सुनेची ड्युटी नाही

म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी येतं, तेव्हा ‘आता यांचं कोण करणार?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सून करणार, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

शिरूरच्या आमच्या घरातही तसंच चाललं होतं. दादीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पुण्याच्या ब्युरोतली बाई इतक्या लांब राहायला तयार नव्हती. सगळे भाभीकडे बघू लागले. मी कामं कागदावर मांडली: दर दोन तासांनी कूस बदलणं, औषधं, भरवणं, वॉकरवर चालवणं, रात्रीची जाग. हे एका माणसाचं काम नाहीच. अंघोळ आणि डायपरला दादीला बाईच हवी होती; ते अम्मी, फूफी आणि भाभीने वाटून घेतलं. बाकीच्या पाळ्या अब्बा, भाई आणि मी घेतल्या. कूस कशी बदलायची, हे डिस्चार्जआधीच सिस्टरकडून शिकलो.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांभाळाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकतो. सुनेचं नाव त्या यादीत नाही. कुरआनही आईवडिलांशी भलेपणाने वागायला त्यांच्या लेकरांनाच सांगतं. मग ‘आमच्यात बायकाच करतात’ हे कुठून आलं?

केरळात मलप्पुरममध्ये मोहल्ल्यातले स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. त्या राज्याने २००८ मध्ये अशा सेवेचं धोरणच केलं. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही हे जमेल. पण सुरुवात घरापासून होऊ द्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी पाळ्या लिहून काढा, आणि रात्रीची पाळी आधी स्वतः घ्या.