कावीळ, माळ आणि एक सुई

आमच्या मावशीच्या गळ्यात तीन आठवडे काविळीची माळ होती. माळ रोज थोडी लांबत होती आणि मावशीचे डोळे रोज थोडे अधिक पिवळे होत होते. अंगाला इतकी खाज, की रात्र रात्र झोप नाही. लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका. ‘माळ लांबतेय ना, म्हणजे कावीळ उतरतेय,’ असे घरातले सगळे म्हणत. खोटे कशाला बोलू, मीही त्यांतलाच.

शेवटी सोनोग्राफी झाली आणि पित्तनलिकेत अडथळा निघाला. यकृतात तयार झालेल्या पित्ताची आतड्यात उतरण्याची वाट बंद झाली, की त्यातला पिवळेपणा रक्तात साचतो. विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. तुंबलेल्या पित्ताला मात्र वाटच करून द्यावी लागते.

तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिली, पण अडथळा यकृताच्या अगदी दाराशी असल्याने तिथवर पोचता आले नाही. ७६ वर्षांच्या, हृदय अधू असलेल्या मावशीचे पोट उघडायचे कसे, या काळजीत आम्ही असताना डॉक्टरांनी क्ष-किरणतज्ज्ञांना बोलावले.

क्ष-किरणतज्ज्ञाने फोटो काढावेत, एवढीच आपली समजूत. पण १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची अरुंद झालेली रोहिणी चिरफाड न करता मोकळी केली आणि ही मंडळी उपचारही करू लागली. पित्तमार्गासाठी सत्तरच्या दशकात जपानमधील चिबा विद्यापीठातून बारीक, लवचीक सुई आली. जागा बधिर करायची, पडद्यावर बघत बरगड्यांमधून सुई यकृतातल्या फुगलेल्या पित्तनलिकेत न्यायची. मग सुईतून तार आणि तारेवरून नळी. मावशीचे तुंबलेले पित्त पिशवीत उतरू लागले. काही दिवसांनी खाज कमी झाली आणि ती रात्रभर झोपली.

हा रामबाण मात्र नव्हे. यात रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा धोका असतो. नळी जपावी लागते. अडथळा खड्याचा की गाठीचा, हे शोधून त्याचा इलाज वेगळा करावाच लागतो. सुजलेल्या पित्ताशयातही अशी नळी घालतात. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत जोखमीच्या रुग्णांतही दुर्बिणीने पित्ताशय काढणेच सरस ठरले. गंभीर गुंतागुंत शस्त्रक्रियेत १२ टक्के, नळीत ६५ टक्के! तेव्हा कुणाला काय मानवेल, हे शल्यविशारद आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे.

मावशीच्या अडथळ्यामागे गाठ निघाली. ‘तीन आठवडे आधी यायला हवे होते,’ डॉक्टर एवढेच म्हणाले. त्यावर आम्हा कुणाकडेच उत्तर नव्हते.

वाचकहो, माळ घालायची तर खुशाल घाला. पण कावीळ, खाज आणि पांढुरके शौच एकत्र दिसले, तर माळ लांबण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांना गाठून सोनोग्राफी करून घ्या. त्यात थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.