होमोसिस्टीन वाढले, पण अडले कुठे?

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि तिळाची किंवा कारळाची चटणी. माहूर-किनवटपासून लातूरपर्यंतच्या या ताटाला प्रथिनांच्या बाबतीत फारशी नावे ठेवता येत नाहीत. तुरीत मेथिओनिन कमी, ज्वारीत लायसिन. दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात, वर तीळ मेथिओनिनची भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार गंधकयुक्त अमिनो आम्लांची प्रौढाची गरज दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम. पोटभर जेवणाऱ्याची ती या ताटातून भागते.

अडते ते पुढे, पेशीत.

मेथिओनिनने आपला मिथिल गट देऊन टाकला की होमोसिस्टीन उरते. त्याचे ब-६च्या मदतीने सिस्टीन होते आणि त्यापासून ग्लुटाथायोन व टॉरिन. नाहीतर फोलेटकडून मिथिल घेऊन त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. या दुसऱ्या कामाला ब-१२ लागते. ते नसेल तर होमोसिस्टीन साचते, आणि फोलेटही मिथिल रूपात अडकून पडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ मायक्रोमोलच्या वर निघाले. शहरी मध्यमवर्गात हेच आकडे ८१ आणि ७९ टक्के होते. म्हणजे खिशात पैसा असलेला वर्गच यात मागे होता. शाकाहार हे त्यामागचे एक मोठे कारण.

आपल्या दवाखान्यांत याचा अर्थ सरळ आहे. हातापायांना मुंग्या येणाऱ्या रुग्णाला नुसते फोलिक आम्ल दिले, तर पंडुरोग सुधारलेला दिसेल आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहील. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्या मधुमेह्यांत ब-१२चे शोषण घटते. त्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी.

होमोसिस्टीनचा अहवाल वाचतानाही सावधगिरी हवी. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. नमुना न फिरवता ठेवला तर आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतो. माहूरचा नमुना शंभरावर किलोमीटर दूर नांदेडला जाणार असेल, तर तो बर्फात ठेवून लगेच सेंट्रिफ्यूज करावा आणि प्लाझ्मा वेगळा काढूनच पाठवावा.

आणि चढलेला आकडा दाखवून हृदयविकाराची भीती घालू नये. २००६च्या ‘होप-२’ चाचणीत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ब-१२ द्यायचे ते रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी. रुग्ण दूध, दही, अंडी किती खातो, हा प्रश्न केसपेपरवर पहिल्याच भेटीत नोंदवावा; गरोदर मातांच्या बाबतीत तर लोह-फोलिक गोळ्यांच्या नोंदीशेजारीच.