प्रतिकारशक्ती हवी, तिला लगामही हवा

काजूच्या हंगामात गणपतीपुळ्याच्या परिसरात ओले काजूगर सोलण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळतात. बीच्या सालीतला चीक कातडी जाळतो. काहींना तर तो जरासा लागला तरी एक-दोन दिवसांनी पुरळ उठते. ते काम टी पेशींचे. त्याच बीतला गर मात्र उसळीत घालून बहुतेक जण सुखाने खातात. गरातली प्रथिनेही शरीराला परकीच. मग त्यांच्यावर हल्ला का होत नाही?

कारण शरीर सहन करायलाही शिकते. छातीतल्या थायमस ग्रंथीत स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी पेशी बाद होतात. आतड्यातल्या डेंड्रायटिक पेशी अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवतात आणि धोक्याची खूण नसेल तर त्यांतल्या काहींना ‘नियामक’ बनवतात. या नियामक पेशी इतरांना आवरतात. काही बी पेशीही दाह शमवणारी द्रव्ये सोडतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी पेशी ओळखल्या, तर मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ या जनुकाचे महत्त्व दाखवले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले.

तरीही बाजारात एकच घोषणा ऐकू येते : ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. कोणती पेशी वाढवायची, हे कोणी सांगत नाही. आमवात किंवा ॲलर्जी असलेल्याची अडचण शक्ती कमी पडल्याची नसते, लगाम सुटल्याची असते. अशा रुग्णाने डॉक्टरांचे औषध थांबवून काढे, चूर्णे घेणे म्हणजे उधळलेल्या बैलाला चाबूक मारणे.

मुलांच्या आहारातही नुसती भीती कामाची नाही. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० बालकांवर लंडनमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खाल्लेल्या मुलांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात, ज्या बाळाला तीव्र इसब किंवा आधीच ॲलर्जी आहे, त्याच्यावर घरी प्रयोग नकोत. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. अख्खे दाणे तर लहानग्यांना देऊच नयेत, ते घशात अडकतात.

लढणे जितके गरजेचे, तितकेच कुठे लढू नये हे कळणेही. निरोगी शरीराला दोन्ही जमते.